ताजी माती

आमच्या रामबागेत पाइपलाइनसाठी रस्ता खोदला, की शेजारचे काका त्या बुजवलेल्या पट्ट्यावर पाय ठेवत नाहीत. भाजीची पिशवी सावरत कडेकडेने जातात, वेळ पडली तर कुणाच्या ओट्यावर चढून. विचारलं तर म्हणतात, "चपला खराब होतात रे." मे महिन्यातसुद्धा!

१९८७ साली काका भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेत होते, जाफन्याला. तिथे नुकती उकरलेली माती म्हणजे सुरुंगाची शंका.

आपल्या मेंदूत, कानशिलाच्या आतल्या बाजूला, बदामाएवढा अमिग्डला असतो. धोका हुंगणं हे त्याचं काम. काय दिसलं हे नीट उमगायच्या आत तो छाती धडधडायला लावतो. त्या क्षणी सुटणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनमुळे आठवणही पक्की रुतते. 'अरे, हे जाफना नाही, इंदूर आहे' असं बजावणारा भाग वेगळा, हिप्पोकॅम्पस. आघातानंतरच्या मनोविकारात नेमका याचाच आवाज क्षीण होतो. आणि गंमत अशी, की भीती ओसरते तेव्हा जुनी आठवण पुसली जात नसते. 'माती असून काही झालं नाही' अशी नवी आठवण तिच्यावर बसते. म्हणून वीस वर्षांनीही जुनी डोकं वर काढू शकते. तज्ज्ञ उपचारात रुग्णाला त्या आठवणीजवळ हळूहळू, पुन्हा पुन्हा नेतात, ते यासाठीच.

पण ही नवी आठवण एकट्याने बसवणं कठीण. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं, की आघातानंतर आधार न मिळणं हे विकार जडण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. नावडत्या युद्धाचा घाव मला इथे दिसतो. व्हिएतनामहून अमेरिकी सैनिक एकेकटे, विमानाने परतले. त्यांच्याच रेट्यामुळे १९८० साली या विकाराला अधिकृत नाव मिळालं. आपले सुमारे १२०० जवान श्रीलंकेत मारले गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत.

काकांना एकदा विचारलं, घरी काय सांगितलंत?

"काय सांगणार? खंडव्याला मीटरगेज पकडली, इंदूरला उतरलो. आई म्हणाली, वाळलास. शेजारी म्हणाले, ट्रान्झिस्टर आणलास का?"