दाद वेगळी, अभिप्राय वेगळा

नाशिकमध्ये २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाच्या, आगेमागे ठिकठिकाणी कविसंमेलने होतात. कवी दोन ओळी म्हणून थांबतो, श्रोत्यांतून ‘वा’ उमटते, कोणी ‘पुन्हा म्हणा’ असा आग्रह धरतो आणि पुढच्या ओळीला कवीचा आवाज आपोआप चढतो. ही दाद. त्याच कवितेची प्रत घरी नेऊन, शांतपणे दोनदा वाचून, ‘तिसऱ्या कडव्यात बोलणारा बदलला असे मला वाटले, ते तुम्हाला अभिप्रेत होते का?’ असे कोणी विचारले, तर तो अभिप्राय. लेखनगटात मात्र आपण दोन्हींना ‘प्रतिक्रिया’ हे एकच नाव देतो. मग एक हवी असताना दुसरी हाती पडते आणि त्यातून कोणी दुखावतो, तर कोणी वर्षानुवर्षे आहे तेथेच राहतो.

गझलेच्या परंपरेत हा घोटाळा सहसा होत नाही, कारण तेथे दोहोंना वेगळे शब्द आहेत आणि वेगळ्या जागाही आहेत. दाद मुशायऱ्यात, चारचौघांत मिळते. शेरातला शब्द सुधारून देणारी ‘इस्लाह’ उस्तादाकडून मिळते. गालिब आपल्या शिष्यांच्या गझला पत्रांतून तपासून देत असत, आणि १८५४ मध्ये बादशहा बहादुरशाह जफर यांचे उस्ताद जौक यांचे निधन झाल्यावर जफर यांच्या काव्याची इस्लाहही गालिबांकडे आली. बादशहाला दाद देणाऱ्यांची वाण नव्हती, तरीही त्याला उस्ताद लागला. मराठीत सुरेश भट यांनी नव्या गझलकारांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, तीही या दुसऱ्या प्रकारच्या कामात मोडते. अर्थात लेखनगटात कोणी उस्ताद नसतो. सगळे बरोबरीचे असतात, त्यामुळे दुसऱ्याची ओळ स्वतःच्या पद्धतीने लिहून देण्याचा अधिकार कोणाला नाही, असे माझे ठाम मत आहे. गटातल्या अभिप्रायाने वाचकाचे काय झाले एवढे सांगावे. ओळ कशी बदलायची हे लेखकाने ठरवावे.

हा फरक मला नीट कळला तो आमच्या गटातल्या एका कथेमुळे. आम्ही सातजण महिन्यातून दोन रविवारी गंगापूर रोडवर एका सदस्याच्या घरी जमतो. गटातल्या एका ताईंनी वडिलांवर कथा लिहिली होती. दिंडोरीकडची द्राक्षबाग, कर्ज, वडिलांचे आजारपण आणि शेवटी आईने एकटीने बाग सांभाळणे, असा तिचा विषय. त्यांनी ती मोठ्याने वाचली. वडिलांच्या मृत्यूपाशी त्यांचा आवाज कापला, खोलीत कोणी काही बोलेना, आणि मग सगळ्यांनी मनापासून दाद दिली. ‘फारच हृद्य’ असे मीही म्हणालो, आणि त्यात खोटे काही नव्हते. मात्र ती दाद त्यांच्या आवाजाला होती, त्यांच्या दुःखाला होती. कागदावरच्या कथेकडे आमच्यापैकी कोणी अजून पाहिलेच नव्हते.

पंधरा दिवसांनी निफाडकडच्या एका काकांनी, ज्यांची स्वतःची बाग आहे, ती अकरा पाने पेन्सिलीने खुणा करून आणली. ते म्हणाले, “ताई, तुमचे वडील ऑक्टोबरात खरडछाटणी करताना दाखवले आहेत. खरडछाटणी एप्रिलमध्ये होते. ऑक्टोबरची ती फळछाटणी. ऑक्टोबरात खरड मारली तर त्या हंगामात घड कुठून येणार? आणि तुमची कथा तर माल निघण्यावर उभी आहे.” त्यानंतर त्यांनी जे विचारले ते मला अधिक मोलाचे वाटते : “शेवट सगळा आईचा आहे, पण त्याआधी आई मला चारच ओळींत भेटली. ती मला आधी दिसायला हवी होती का?” ताई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “हे मला त्याच दिवशी का सांगितले नाही कोणी?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

मोठ्याने वाचण्यात ही अडचण असतेच. चांगला वाचणारा आपल्या आवाजाने मजकुरातल्या फटी भरून काढतो आणि श्रोत्याला मागचे पान उलटून पाहता येत नाही. म्हणून आता आम्ही मजकूर चार दिवस आधी पाठवतो आणि चर्चा चालू असताना लेखक बोलत नाही. लेखकाने गप्प बसणे प्रारंभी फार जड जाते, पण ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ हे सांगायला तो छापील पानासोबत प्रत्येक वाचकाच्या घरी जाणार नसतो.

दोहोंतला भेद ओळखण्याची एक सोपी कसोटी मी वापरतो. दिलेले वाक्य दुसऱ्या कोणत्याही कथेला तसेच लावता येत असेल, तर ती दाद आहे. ‘भाषा ओघवती आहे’ हे कोठेही चालते. ‘पाचव्या पानावर मुलगा विहिरीपाशी का थांबला हे मला कळले नाही’ हे त्या एकाच कथेबद्दल असू शकते. हीच कसोटी फटकळपणालाही लागते. ‘मी स्पष्टवक्ता आहे’ असे म्हणून ‘जमलेले नाही’ एवढेच सांगणारा प्रांजळ अभिप्राय देत नसतो. त्याचे वाक्यही कोणत्याही कथेला चिकटते. कठोर बोलणे म्हणजेच प्रामाणिक बोलणे, या समजुतीमुळे नव्या लिहिणाऱ्यांनी गट सोडलेले मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

दाद कमी प्रतीची आहे, असे मात्र मुळीच नाही. पहिला खर्डा नुकताच कागदावर उतरलेला असताना, लिहिणाऱ्याला पुढे लिहावेसे वाटणे हेच त्या घडीचे काम असते आणि ते दादच करते. तोच मजकूर दिवाळी अंकाकडे धाडण्याच्या वेळी दाद पुरत नाही. नव्याने गट शोधणाऱ्याने म्हणूनच आधी विचारावे, की येथे मजकूर ऐकतात की वाचतात. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या या शहरात पुस्तके वाचणारी माणसे भेटणे कठीण नाही. दुसऱ्याचा कच्चा खर्डा वेळ काढून दोनदा वाचणारी भेटली, तर त्यांना धरून राहावे.

ताईंची कथा आता चौथ्या खर्ड्यात आहे. छाटणी एप्रिलात गेली आहे आणि आई दुसऱ्याच पानावर बागेत उभी आहे. या रविवारसाठी पाठवलेल्या प्रतीच्या माथ्यावर त्यांनी लिहिले आहे : ‘वडिलांबद्दल काही सांगू नका. आई दिसते का, तेवढेच सांगा.’