मध्यम वेगावर ऑटोमॅटिक गाडीचे झोके

अॅक्सिलरेटरवरचा पाय स्थिर असतानाही जुनी ऑटोमॅटिक गाडी साधारण ६० ते ८० किमी वेगाला आपोआप ओढते आणि सोडते, तेव्हा ती झोके घेते असे म्हणतात. या तक्रारीवर गिअरबॉक्स उतरवायची घाई होते. पण पुष्कळदा दोष एखाद्या स्वस्त सेन्सरमध्ये असतो.

इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच याच वेगपट्ट्यात लागतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो. थ्रॉटल (इंजिनला हवा सोडणारी झडप) आणि वेग यांच्या सेन्सरचे संकेत डळमळले की कॉम्प्युटर तो क्लच सारखा लावतो-सोडतो. गाडीचा वेग जवळपास तोच राहतो, आरपीएमचा काटा मात्र २००-४०० ने वरखाली होतो.

आधी गिअरबॉक्सचे तेल पाहावे: गाडी सपाट जागी, इंजिन गरम. ते चालू ठेवून मोजायचे की बंद करून, हे कंपनीगणिक बदलते, म्हणून गाडीचे पुस्तक पाहावे. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर फेस होतो. तपकिरी रंग आणि जळका वास आला तर आतले क्लच घासलेले समजावेत.

खरा निवाडा रस्त्यावर होतो. मोकळ्या रस्त्यावर झोके सुरू असताना उजवा पाय न हलवता डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करावा, मागचे दिवे लागण्यापुरता. लॉकअप सुटतो. काटा किंचित चढून स्थिर झाला आणि झोके थांबले, तर संशय लॉकअपवर. यात एक फसगत आहे. लॉकअप लागलेला असताना इंजिनचे मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) थेट चाकांपर्यंत पोचते, त्यामुळे तेही ब्रेकला स्पर्श करताच विरल्यासारखे वाटते. मिसिंगमध्ये काटा फारसा हलत नाही, गाडी थरथरते. मग प्लग, व्हॅक्यूमची नळी, ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) तपासावेत. ओव्हरड्राइव्हचे (सर्वांत वरच्या गिअरचे) बटण बंद केल्यावर झोके गेले, एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. अनेक गाड्यांत त्याने लॉकअपही बदलतो.

थ्रॉटल सेन्सर काट्याच्या मल्टिमीटरने तपासावा. इग्निशन चालू, इंजिन बंद. पॅडल अगदी हळू दाबावे. बहुतेक गाड्यांत व्होल्टेज सुमारे ०.५ पासून ४.५ पर्यंत सलग चढते. पाव पॅडलच्या आसपास काटा दचकला, तर सेन्सर बदलावा. पाय रोज तिथेच असतो, म्हणून आतली पट्टी तिथेच झिजते. अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) एसीचे डीसी करणारा डायोड गेला तरी संकेत बिघडतात: इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटरने एसी व्होल्टेज ०.५ व्होल्टच्या वर दिसले, तर आधी अल्टरनेटर पाहावा.

गाडीच्या कॉम्प्युटरमधला पी०७४१ हा दोषाचा कोड लॉकअप नीट लागत नसल्याचे सांगतो; दोष सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या झडपेचा), व्हॉल्व्ह बॉडीचा (तेलाचा दाब वाटणाऱ्या भागाचा) की कन्व्हर्टरचा, हे त्यावरून ठरत नाही. तेल बदलून पाहायचे, तर एकदा काढल्याने कन्व्हर्टरमधले बरेचसे जुने तेल आतच राहते. म्हणून थोडी गाडी चालवून दोन-तीनदा बदलावे, तेही कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचे.