अॅनिमेमध्ये सगळ्या चित्रकारांचा हात सारखाच असतो?

जपानी अॅनिमेशनपटात पात्रांचे चेहरे ठरलेल्या नमुन्यानुसार काढतात आणि अॅनिमेशन दिग्दर्शक सगळ्यांची चित्रं दुरुस्त करतो, म्हणून कोणता शॉट कोणी केला हे ओळखताच येत नाही, असं वर्षानुवर्षं ऐकू येतं. अर्धंच खरं आहे हे. चेहरा खरोखर एकसारखा केला जातो. पण हात ओळखायचा तो चेहऱ्यावरून नव्हे, हालचालीवरून!

१९८३च्या 'गेन्मा ताइसेन' या अॅनिमेशनपटातला आगीचा ड्रॅगन बघा. अॅनिमेटर योशिनोरी कानादांचं काम. ज्वाळा टोकदार, कोनाकोनांच्या. आकार एका चित्रातून दुसऱ्यात झेपावतो, मधले टप्पे गाळून. खरी आग अशी जळत नाही, पण तिची धग जाणवते. दुसरे अॅनिमेटर मित्सुओ इसो हे कानादांच्या उलट टोकाला. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी एकेक चित्र बहुधा दोन-तीन फ्रेम टिकतं आणि अॅनिमेटरने काढलेल्या मुख्य चित्रांच्या मधली चित्रं दुसरे भरतात. इसोंनी तीही स्वतःच काढायची पद्धत धरली, त्यामुळे वजन आणि तोल विलक्षण खरा वाटतो.

अर्थात नुसत्या नजरेवर विसंबू नका. कानादांची शैली पुढच्या पिढीतल्या अनेकांनी उचलली, आणि श्रेयनामावलीत नावं असली तरी कोणाचा शॉट कोणता ते सहसा नसतं. अॅनिमेटरची मुलाखत किंवा छापून आलेली मूळ रेखाटनं हाती लागेपर्यंत आपली ओळख हा अंदाजच म्हणायचा.