रुजू होणं वेगळं, कायम होणं वेगळं: काउंटी पदार्पण आणि काउंटी कॅप

भारतात कॅप म्हणजे काय हे कुणाला समजावायला नको. नाणेफेकीआधी खेळाडूंचं कोंडाळं, कुणीतरी जुनाजाणता नव्या पोराच्या हाती निळी टोपी देतो, टाळ्या वाजतात आणि त्याच सकाळी पदार्पण. हे सगळ्यांना पाठ आहे, पुढे जाऊ.

घोळ सुरू होतो तो इंग्लंडच्या काउंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्हावार व्यावसायिक संघांकडे वळल्यावर. 'अमक्या फिरकीपटूला काउंटी कॅप' अशी बातमी आली की आपल्याकडे हमखास मथळा लागतो, 'काउंटीत पदार्पण!' अहो, तो पोरगा पाच वर्षं तिथेच खेळतोय.

काउंटी कॅप पहिल्या सामन्याला मिळत नाही, ती कमवावी लागते. सरकारी नोकरीत रुजू होणं वेगळं आणि कायम होणं वेगळं, तसंच हे. पदार्पण म्हणजे रुजू झालात. कॅप म्हणजे 'हा आता आमच्या पहिल्या संघाचा पक्का माणूस' असं काउंटीने जाहीर करणं. त्यासाठी अमुक सामने, तमुक बळी असं कोष्टक नाही. काउंटीला वाटेल तेव्हा ती मिळते. पूर्वी कॅप मिळाली की पगार वाढायचा. ज्या बेनिफिटच्या वर्षावर (त्या वर्षी खेळाडूसाठी निधी गोळा व्हायचा) म्हातारपणाची भिस्त असायची, तेही साधारण कॅपनंतर दहा वर्षांनी यायचं.

फिरकी टाकणाऱ्याला ही मधली वाट फार लांब पडते. हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो तेव्हा खेळपट्टी हिरवीगार असते, हात गारठलेले असतात आणि कप्तानाला चार वेगवान गोलंदाज हवे असतात. फिरकीवाला मग दुय्यम संघाकडून खेळतो, नाहीतर बारावा म्हणून पाणी नेतो. इंग्लंडचा फिरकीपटू जॅक लीच बघा. सॉमरसेटसाठी पदार्पण २०१२, कॅप २०१७. मधल्या काळात सॉमरसेटच्या घरच्या मैदानाची, टाँटनची खेळपट्टी इतकी वळायला लागली की लोक तिला 'सायडराबाद' म्हणू लागले (तिथलं सफरचंदाचं मद्य अधिक आपलं हैदराबाद). २०१६ च्या काउंटी चॅम्पियनशिपमध्ये लीचने ६५ बळी घेतले, त्यानंतर कुठे कॅप आली.

डेरेक अंडरवूडसारखा इंग्लंडचा अचाट फिरकीवालाही यातून सुटला नाही. १९६३ मध्ये सतराव्या वर्षी केंटकडून पदार्पण आणि त्याच हंगामात शंभरावर बळी. पहिल्याच हंगामात शंभरी गाठणारा इतका लहान गोलंदाज दुसरा नाही. आपल्याकडे एवढ्यावर त्याची मिरवणूक काढली असती. केंटची कॅप त्याला मिळाली १९६४ मध्ये.

आणि आता खरी गंमत. देशाची कॅप आधी आणि काउंटीची नंतर, असंही होतं. इंग्लंडचा फिरकीपटू माँटी पनेसार नॉर्थम्प्टनशरकडून २००१ मध्ये पहिल्यांदा खेळला. मार्च २००६ मध्ये नागपूरला कसोटी पदार्पणात त्याने सचिनला पायचीत करून पहिला बळी घेतला, हे विदर्भात कुणी विसरलेलं नाही. काउंटीची कॅप त्याच २००६ सालची, म्हणजे पदार्पणानंतर पाच वर्षांची. इंग्लंडचाच फिरकीपटू शोएब बशीर तर फेब्रुवारी २०२४ मध्ये विशाखापट्टणमला कसोटीत उतरला तेव्हा त्याच्या नावावर प्रथम श्रेणीचे जेमतेम सहा सामने आणि दहा बळी होते. देशाची टोपी डोक्यावर आणि काउंटीत अजून उमेदवारी! ज्याला या दोन टोप्यांतला फरक माहीत नाही, त्याला यात विचित्र काय तेच कळणार नाही.

त्यात आयपीएलच्या लिलावाने भर घातली. तिथला 'अनकॅप्ड' म्हणजे मुख्यतः देशाकडून न खेळलेला. काउंटीतला 'अनकॅप्ड' दहा वर्षांचा जुना गडीही असू शकतो. शब्द एक, अर्थ दोन, आणि लिहिणारा तिसराच लावतो.

अपवाद आहेत, ते लपवत नाही. ग्लॉस्टरशर २००४ पासून प्रथम श्रेणीच्या पदार्पणालाच कॅप देतं. वूस्टरशरने तर कॅप बंद करून चॅम्पियनशिपच्या पदार्पणाला क्लबच्या रंगांचा मान, म्हणजे 'कलर्स' द्यायला सुरुवात केली, आणि डरॅमने २००५ नंतर ही पद्धतच मोडीत काढली. मला विचाराल तर यात मजा गेली. सगळ्यांनाच पहिल्या दिवशी कायम केलं, तर रुजू होण्याला वेगळा शब्द कशाला हवा? पण हे तीन अपवाद पाहून कुणी सगळ्या काउंट्यांना तोच नियम लावू नये.

एक छोटा घोळ जाताजाता. लँकेशायर लीग म्हणजे लँकेशायर काउंटी नव्हे. आपले सुभाष गुप्ते रिश्टनकडून खेळले ते लीगमध्ये, एका गावच्या क्लबचे व्यावसायिक खेळाडू म्हणून. त्यांना 'काउंटी गाजवलेले' म्हणणाऱ्यांनी निदान रिश्टन नकाशावर शोधून यावं.