मिंकचा नोव्हेंबर

थंडी पडली की बाजारात 'मिंक ब्लँकेट' नावाचं गुबगुबीत पांघरूण येतं. त्यात मिंकचा एक केसही नसतो, सगळं पॉलिएस्टर. नाव मात्र खऱ्या प्राण्याचं, मूळ उत्तर अमेरिकेतल्या.

मिंक दिसायला थोडा मुंगसासारखा, पण नातं पाणमांजराशी. लांबट अंग, आखूड पाय, नरसुद्धा जेमतेम दीड-दोन किलोचा. नदी-ओढ्याच्या काठाने फिरत मासे, बेडूक, उंदीर, जे सापडेल ते मारतो. गार पाण्यात बुड्या मारणाऱ्या या जिवाच्या अंगावर सीलसारखा चरबीचा जाड थर नसतो. सारी भिस्त केसांवर. वरचे लांब, तुकतुकीत केस पाणी निथळवतात. त्यांच्या बुडाशी असलेली दाट, मऊ लव हवा कोंडून धरते. माणसाला भुरळ पडली ती याच लवेची.

हा कोट कधी बदलायचा, हे मिंकला थंडीपेक्षा उजेड सांगतो. दिवस लहान होऊ लागले की अंधारात स्रवणारं मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं, उन्हाळी केस झडतात आणि हिवाळी फर येते. नोव्हेंबरच्या सुमारास ती ऐन भरात असते. विणीचंही तसंच. मीलन मार्चमध्ये होतं, पण भ्रूण लगेच गर्भाशयात रुजत नाही. दिवस पुरेसे मोठे होईपर्यंत थांबून राहतो. म्हणून पिल्लं एप्रिल-मेच्या आसपास एकदमच जन्मतात. फरसाठी मिंक पाळणाऱ्या फार्मवाल्यांना याहून सोयीचं काय? वसंतात जन्म, नोव्हेंबर-डिसेंबरात कातडी. एका लांब कोटाला अशी पन्नास-साठ कातडी लागतात.

डेन्मार्क या धंद्यातला बडा देश होता. २०२० साली तिथल्या मिंकना माणसांकडून कोरोना झाला आणि विषाणू बदलून पुन्हा माणसांत आला. ४ नोव्हेंबरला पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी देशातले सगळे मिंक मारण्याची घोषणा केली. सुमारे दीड कोटी! निरोगी फार्मवर असा हुकूम चालवायचा कायदाच नव्हता, हे मागाहून उघड झालं आणि कृषिमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. खरं तर यातल्या बहुतेकांचं मरण त्या हंगामात ठरलेलंच होतं. त्या वर्षी पुढच्या विणीसाठी राखलेलेही गेले, आणि धंदाच बसला.

होल्स्टेब्रो शहराजवळ वाळूत उथळ पुरलेली धडं कुजताना वायूने फुगून जमिनीवर आली. पुढच्या वर्षी ती उकरून जाळावी लागली.