सागरी हेलिकॉप्टर उड्डाणांतील द्विवैमानिक पद्धत

समुद्रातील तेल व वायू फलाटांवर कर्मचाऱ्यांची ने-आण करणारे हेलिकॉप्टर एकट्याने न चालवता दोन वैमानिकांनी कामे वाटून घेऊन चालवण्याची पद्धत. ती मुख्यतः उत्तर समुद्रात आकाराला आली.

हेलिकॉप्टर हाताळताना वैमानिकाचा उजवा हात सायक्लिक दांड्यावर (पुढे-मागे, डावी-उजवीकडे नेणारा), डावा कलेक्टिव्हवर (वर-खाली नेणारा दांडा) आणि दोन्ही पाय नाक वळवणाऱ्या पेडलांवर गुंतलेले असतात. आपोआप स्थिर राहण्याची यंत्रणा नसलेल्या जुन्या हेलिकॉप्टरांत नकाशा उलगडायला किंवा रेडिओची वारंवारता बदलायलाही हात मोकळा मिळणे अवघड होते. ब्रिटनच्या किनाऱ्यापुढे १९६५ मध्ये वायू सापडला, तेव्हा दक्षिणेकडील जवळच्या फलाटांपर्यंत एकट्या वैमानिकावर काम निभावत असे. १९७१ मध्ये ब्रेंट तेलक्षेत्र सापडले. ते शेटलंड बेटांवरील लेर्विकपासून सुमारे १८६ किमी ईशान्येस आहे. तिथे हिवाळ्यात दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास असतो आणि रात्री क्षितिज दिसत नसल्याने फलाटाच्या दिव्यांवरून उंचीचा अंदाज सहज चुकतो. या मार्गांवरील सिकोर्स्की एस-६१एन हेलिकॉप्टरांत दोन वैमानिक असत. पुढे युरोपीय नियमांनी ९ पेक्षा अधिक प्रवासी आसनांच्या हेलिकॉप्टरला उपकरणांच्या आधारे उडताना दोन वैमानिक सक्तीचे केले. मेक्सिकोच्या आखातात मात्र फलाट दाटीने उभे असल्याने दिवसा छोट्या हेलिकॉप्टरांतून एकट्याने उडण्याची रीत दीर्घकाळ टिकली. जुहूहून अरबी समुद्रातील मुंबई हाय तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या पवनहंस या भारतीय हेलिकॉप्टर कंपनीच्या उड्डाणांत दोन वैमानिक असतात.

या पद्धतीचा एक फायदा फारसा सांगितला जात नाही, पण तो महत्त्वाचा आहे. हेलिडेकभोवती, म्हणजे फलाटावरील हेलिकॉप्टर उतरण्याच्या जागेभोवती, २१० अंशांचा भाग अडथळामुक्त ठेवतात. उरलेल्या बाजूस क्रेन, मनोरे असतात. उतरताना वाऱ्याला सामोरे जावे लागत असल्याने डेक कधी उजवीकडे दिसतो, कधी डावीकडे. कॅप्टन उजव्या आसनावर बसतो. डेक डावीकडे असेल, तर तो ज्याला नीट दिसतो तो सहवैमानिक हेलिकॉप्टर उतरवतो.

तथापि दुसरे आसन भरणे म्हणजे ही पद्धत नव्हे. एकाने उडवायचे आणि दुसऱ्याने वेग, उंची व उतरण्याचा दर सतत पाहून चूक दिसताच बोलायचे, ही शिस्त तिचा गाभा आहे आणि ती आसनापेक्षा फार उशिरा आली. २७ डिसेंबर २००६ च्या रात्री इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्याजवळील मोरकॅम्ब उपसागरात डॉफिन हेलिकॉप्टरवरील सहवैमानिकाचा ताबा सुटला. त्याने मदत मागितल्यापासून कॅप्टनने नियंत्रण घेईपर्यंत सुमारे चार सेकंद गेले. हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून सातही जण मरण पावले. २३ ऑगस्ट २०१३ रोजी शेटलंडमधील समबरो विमानतळाकडे उतरणाऱ्या सुपर प्यूमा हेलिकॉप्टरमध्येही दोन वैमानिक होते. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात उपकरणांवर पुरेसे लक्ष न राहिल्याने घटत गेलेला वेग वेळेत ध्यानात आला नाही आणि १८ जणांपैकी चार प्रवासी दगावले.