सीडी संग्रहाची लॉसलेस प्रत : सॉफ्टवेअरची निवड आणि नागपुरातील संग्रह

संगणकाच्या ड्राइव्हने ऑडिओ सीडी वाचून तिच्यावरचे संगीत फाइलींत उतरवून घेणे म्हणजे सीडी रिप करणे. मूळ सीडीवरचा प्रत्येक अंक फाइलीत जसाच्या तसा राहिला तर ती प्रत लॉसलेस ठरते. एमपी३मध्ये तसे होत नाही. जागा वाचवण्यासाठी कानाला कमी जाणवणारा भाग तिथे कायमचा टाकून दिलेला असतो. नागपुरात शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, भावगीते, भीमगीते आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने यांच्या सीडी अजून अनेक घरांतल्या कपाटांत आहेत. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह येत नाही आणि जुन्या प्लेअरचे सुटे भाग मिळत नाहीत. त्यामुळे हा संग्रह फाइलींत आणणे आवश्यक झाले आहे, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर कोणते घ्यावे हा पहिला प्रश्न असतो.

कोणत्या सॉफ्टवेअरचा आवाज चांगला येतो, असे अनेकदा विचारले जाते. सीडी बिनचूक वाचली गेली असेल तर सर्व सॉफ्टवेअरमधून निघणारा ध्वनी अंकागणिक सारखाच असतो, म्हणून या प्रश्नाने निवड होत नाही. निवडीचा खरा निकष असा की, वाचन बरोबर झाले याचा पुरावा ते सॉफ्टवेअर देते का, आणि जिथे शंका आहे तिथे तसे स्पष्ट सांगते का.

अडचण कुठे आहे

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये ठरवलेल्या आणि ‘रेड बुक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मानकानुसार ऑडिओ सीडी बनते. ती बाजारात आली १९८२ मध्ये. ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावी आणि उजवी अशा दोन वाहिन्या. एका सेकंदाचे ७५ भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागात २,३५२ बाइट असतात. हे सगळेच्या सगळे बाइट ध्वनीचे असतात. डेटा सीडीत तेवढ्याच भागात २,०४८ बाइट माहिती ठेवून उरलेल्या जागेत त्या भागाचा पत्ता आणि चुका दुरुस्त करणारी जादा माहिती ठेवलेली असते. ऑडिओ सीडीला ही सोय नाही. म्हणूनच वर्ड किंवा पीडीएफ फाइल सीडीवरून कॉपी करणे आणि गाणे उतरवून घेणे ही दोन कामे सारखी दिसली तरी सारखी नाहीत.

ऑडिओ सीडीला संरक्षणच नाही असेही नाही. रीड-सोलोमन संकेतपद्धतीने माहिती विखरून लिहिलेली असते आणि ट्रॅकच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचा सलग बिघाड तिच्या आधारे पूर्ण भरून काढता येतो. त्यापलीकडे गेले की ड्राइव्ह मागच्या-पुढच्या नमुन्यांवरून मधला नमुना अंदाजाने भरतो. ऐकणाऱ्याला बहुधा कळतही नाही. प्लेअरसाठी ही उत्तम सोय आहे. जतनाच्या प्रतीत मात्र तो अंदाज मूळ ध्वनी म्हणून कायमचा जाऊन बसतो, आणि साधे सॉफ्टवेअर त्याबद्दल अवाक्षरही काढत नाही. सीडी पुसताना कापड मधून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये, यामागचे कारणही हेच. आडवा चरा प्रत्येक फेऱ्यात थोडीच जागा घेतो. गोल चरा ट्रॅकच्या बाजूने लांबवर जातो आणि दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर पोहोचतो.

दुसरी अडचण जागेची. भागांवर नेमका पत्ता नसल्यामुळे प्रत्येक ड्राइव्ह आपल्या मॉडेलनुसार ठरावीक नमुने अलीकडे किंवा पलीकडे वाचायला सुरुवात करतो. याला ऑफसेट म्हणतात. ६६७ नमुन्यांचा ऑफसेट म्हणजे सुमारे १५ मिलिसेकंद. गाणे ऐकताना तो जाणवणार नाही, पण तो सुधारून घेतला नाही तर दोन ड्राइव्हवर काढलेल्या प्रती ताडून पाहता येत नाहीत. तिसरी अडचण ड्राइव्हच्या कॅशची, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीची. तोच भाग पुन्हा मागितला तर ड्राइव्ह सीडीकडे न जाता स्मृतीतले जुनेच उत्तर देतो, आणि दुसऱ्यांदा वाचून काहीही सिद्ध होत नाही. चांगले सॉफ्टवेअर ही पळवाट ओळखून बंद करते.

प्रचलित सॉफ्टवेअर

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी, हे जर्मनीतल्या आंद्रे वीथोफ यांनी लिहिलेले सॉफ्टवेअर सर्वांत जास्त नावाजलेले आहे. खासगी वापरासाठी ते विनामूल्य आहे. त्याच्या ‘सिक्युअर’ पद्धतीत प्रत्येक भाग किमान दोनदा वाचला जातो. वाचन जुळले नाही तर १६-१६ वाचनांच्या फेऱ्या होतात. एका फेरीत ८ उत्तरे सारखी आली तरच तो भाग स्वीकारला जातो. अगदी खराब जागा अशा रीतीने ८२ वेळांपर्यंत वाचली जाऊ शकते. शेवटी मिळणाऱ्या अहवालात कोणत्या गाण्यात, कितव्या मिनिटाला शंका आहे ते लिहिलेले असते. पहिल्या मांडणीला वेळ लागतो आणि पर्यायांच्या खिडक्या पाहून नवा माणूस बिचकतो. तरीही एक दुपार त्यासाठी द्यावी. ड्राइव्ह एकदा नीट ओळखवला की पुढचे काम सरळ आहे.

डीबीपॉवरअँप विकत घ्यावे लागते. पुरावा तितकाच भक्कम देते, मांडणी बरीच सोपी आहे, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते. चार-पाचशे सीडी असतील आणि घरातल्या कुणाला तरी नोकरी सांभाळून हे काम करायचे असेल तर हे पैसे सत्कारणी लागतात. मॅकवर एक्सएलडी विनामूल्य आहे आणि तेवढ्याच विश्वासाचे आहे. लिनक्सवर व्हिपर हे आज्ञा टाइप करून चालवायचे सॉफ्टवेअर आहे; ते ख्रिस्तोफर माँटगोमेरी यांच्या सीडीपॅरानोइया या जुन्या कामावर उभे आहे. विंडोज मीडिया प्लेअर विंडोज १०पासून फ्लॅक या प्रकारची फाइल बनवतो, आणि ॲपलच्या म्युझिक ॲपमध्ये एलॅक या ॲपलच्या प्रकारची फाइल बनते. दोन्ही लॉसलेस, दोन्ही सोपे, पण वाचन बरोबर झाल्याचा तपशीलवार अहवाल दोन्हींकडून मिळत नाही. दुकानात आजही मिळणाऱ्या सीडीसाठी ते चालतील. पुन्हा न मिळणाऱ्या सीडीसाठी वापरू नयेत.

ईएसी, डीबीपॉवरअँप, एक्सएलडी आणि व्हिपर या चौघांनाही अ‍ॅक्युरेटरिप या सामाईक नोंदसंग्रहाशी ताडून पाहता येते. जगभरच्या लोकांनी काढलेल्या प्रतींची तपासणी-बेरीज (चेकसम), म्हणजे फाइलीतल्या सर्व अंकांवरून काढलेली एक लहान संख्या, तिथे साठवलेली असते. आपली बेरीज अनोळखी दहा जणांच्या बेरजेशी जुळली तर दहा वेगळ्या ड्राइव्हनी दहा वेगळ्या सीडींवरून तेच अंक वाचले असा अर्थ होतो. याहून चांगला पुरावा घरी बसून मिळणार नाही. क्यूटूल्स या सॉफ्टवेअरचा नोंदसंग्रह आणखी एक पाऊल पुढे जातो. त्यात दुरुस्तीची जादा माहितीही असते, त्यामुळे थोडीशी बिघडलेली प्रत पुष्कळदा पूर्ववत करता येते.

नागपुरातील संग्रहांचे वेगळेपण

हा सामाईक पुरावा नागपूरकराच्या संग्रहाला अर्धवटच उपयोगी पडतो. मोठ्या कंपन्यांनी काढलेल्या शास्त्रीय संगीताच्या आणि चित्रपटगीतांच्या सीडी नोंदसंग्रहात बऱ्याचदा सापडतात. स्थानिक सीडींचे तसे नाही. १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दरवर्षी दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमतो. तिथे पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या आधी कॅसेट आणि पुढे सीडी विकल्या गेल्या. गावोगावच्या गायकांनी थोड्या प्रतींत काढलेल्या या सीडींची नोंद परदेशी संग्रहात असण्याची शक्यता फार कमी. भजनी मंडळांच्या आणि खासगी मैफलींच्या सीडींचेही तेच. ज्या सीडींचे मोल सर्वांत जास्त, त्यांनाच बाहेरचा साक्षीदार नाही.

अशा वेळी साक्षीदार आपणच उभा करावा लागतो. ईएसीमध्ये ‘टेस्ट अँड कॉपी’ नावाची सोय आहे. ती गाणे दोनदा वाचते आणि दोन्ही बेरजा शेजारी मांडते. त्या जुळल्या तरी एक फट राहते, ती म्हणजे एकाच ड्राइव्हने तीच चूक दोनदा करण्याची. म्हणून दुर्मीळ सीडी दोन वेगळ्या कंपन्यांच्या ड्राइव्हवर वाचून बेरजा ताडाव्यात. दोन्ही ड्राइव्हचा ऑफसेट आधी सुधारलेला हवा, आणि तो ठरवायला नोंदसंग्रहात असलेली एखादी लोकप्रिय सीडी लागते. आपल्याकडे नसेल तर मित्राकडून आणावी. सीताबर्डीच्या संगणक दुकानांत यूएसबीला जोडायचे डीव्हीडी रायटर मिळतात. जुन्या डेस्कटॉपमधून काढलेला ड्राइव्हही पुष्कळदा उत्तम वाचतो. या शहरातल्या संग्राहकाने सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधी दुसऱ्या ड्राइव्हवर करावा.

काही चकत्या मुळात रिप करण्याच्या नसतात. शंभर गाण्यांची ‘एमपी३ सीडी’ ही डेटा सीडी आहे. तिच्यातल्या फाइली नुसत्या कॉपी कराव्यात. त्यांची फ्लॅक बनवली तर फाइल फुगेल, गेलेला ध्वनी परत येणार नाही. व्हीसीडीवरचा (व्हिडिओ सीडीवरचा) ध्वनीही २२४ केबीपीएसचा (सेकंदाला २२४ किलोबिट), आधीच दाबलेला असतो. भीमगीतांच्या अनेक व्हीसीडी निघाल्या. त्यांची चित्रासकट प्रत घ्यावी आणि ध्वनी वेगळा हवा असल्यास पुन्हा न दाबता काढून घ्यावा. फसवी चकती आणखी एक असते. एमपी३ फाइलींवरून कुणीतरी घरी लिहिलेली सीडी-आर (संगणकावर लिहिता येणारी कोरी सीडी) सॉफ्टवेअरला अस्सल ऑडिओ सीडी वाटते. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्णपट (कोणत्या कंपनसंख्येला किती ध्वनी आहे त्याचे चित्र) उघडल्यावर १६ किलोहर्ट्झच्या वर सगळे एकदम रिकामे दिसले तर मूळ १२८ केबीपीएसचे एमपी३ असावे. त्या ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत नसेल तर तीही जपावी, फक्त फाइलीच्या माहितीत तसे लिहून ठेवावे.

क्रम ठरवताना सीडी-आर आधी घ्याव्यात. छापील सीडीत माहिती खळग्यांच्या रूपात असते, तर सीडी-आरमध्ये ती रंगद्रव्याच्या थरात असते आणि उष्णता व उजेड यांनी तो थर उतरत जातो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. माळ्यावर, टिनाच्या छपराखाली किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या सीडी-आरचे आयुष्य त्यात झपाट्याने घटते.

फाइलीचा प्रकार

फ्लॅक घ्यावा. जॉश कोल्सन यांनी २००१ मध्ये तो पूर्ण रूपात प्रसिद्ध केला. तो खुला आहे, आणि २०२४ मध्ये त्याला इंटरनेटच्या अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. दाबाच्या ० ते ८ पातळ्यांत फरक फक्त आकाराचा आणि वेळेचा असतो, ध्वनी एकच. प्रत्येक फाइलीत मूळ ध्वनीची एमडी५ नावाची तपासणी-बेरीज असते, त्यामुळे दहा वर्षांनीही फाइल शाबूत आहे का ते तपासता येते. एलॅकही लॉसलेस आहे आणि २०११ पासून खुला आहे. दोन्हींत अदलाबदल करताना काही गमावत नाही. वेव्ह या न दाबलेल्या प्रकारात गायक-रागाची माहिती नीट टिकत नाही. तासाभराची सीडी मूळ रूपात सुमारे ६३५ एमबी भरते, फ्लॅकमध्ये बहुधा त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक. पाचशे सीडी १७५ ते २०० जीबीत मावतात.

नावे आणि माहिती

सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो, वाचनात नव्हे. गाण्यांची नावे आणून देणारी फ्रीडीबी सेवा २०२० मध्ये बंद झाली. आज म्युझिकब्रेन्झ आणि फ्रीडीबीची नोंद पुढे चालवणारी जीएनयूडीबी वापरात आहेत. जुन्या पद्धतीत सीडीची ओळख गाण्यांची संख्या आणि त्यांच्या वेळा यांवरून ठरते. ख्यालाच्या सीडीत दोन-तीनच ट्रॅक असतात, त्यामुळे दोन भिन्न सीडींची ओळख एक येऊन भलत्याच संगीताची नावे समोर उभी राहतात. आलेली नावे वेष्टनाशी ताडल्याशिवाय स्वीकारू नयेत.

मराठी संगीताच्या नोंदी रोमन लिपीत आणि हव्या तशा स्पेलिंगने भरलेल्या सापडतात. वसंतराव देशपांडे यांचे घडणीचे दिवस नागपुरात गुरू शंकरराव सप्रे यांच्याकडे गेले आणि सिव्हिल लाइन्समधले सभागृह वसंतरावांच्या नावाने उभे आहे. पण ‘पंडित’ लावून, न लावून, ‘डॉक्टर’ लावून अशा तीन नोंदी झाल्या की त्यांचे एकट्याचेच गाणे संगणकावर तीन वेगळ्या गायकांत विभागले जाते. नावाचे एकच रूप ठरवावे आणि ते देवनागरीत लिहावे. फ्लॅकमध्ये देवनागरी निर्धोक राहते आणि राग, ताल, कवी, तबल्याची व पेटीची साथ असे हवे ते रकाने वाढवता येतात. गाडीतल्या काही प्लेअरना देवनागरी दाखवता येत नाही. त्यासाठी वेगळी एमपी३ प्रत काढावी, मूळ नोंद बदलू नये. वेष्टनाची आणि आतल्या पुस्तिकेचीही स्कॅन प्रत घ्यावी, कारण साथीदारांची नावे पुष्कळदा फक्त तिथेच छापलेली असतात.

विलंबितातून द्रुतात गायक न थांबता जातो, ट्रॅक मात्र तिथे बदलतो. फ्लॅकमध्ये हा सांधा अखंड राहतो. प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल आणि सोबत सीडीची मूळ मांडणी नोंदवणारी क्यू फाइल, ही रचना त्यासाठी पुरेशी आहे.

कायदा आणि साठवण

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५२ने खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या रास्त वापराला मोकळीक दिली आहे. आपल्या सीडीची स्वतःसाठी काढलेली प्रत त्या भावनेत बसते. ती इंटरनेटवर चढवणे किंवा वाटणे बसत नाही.

प्रती किमान दोन डिस्कवर हव्यात, आणि दुसरी डिस्क दुसऱ्या घरात हवी. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरची सगळी चीजवस्तू एकाच वेळी भिजली. मूळ सीडी आणि तिची प्रत एकाच कपाटात ठेवली तर अशा वेळी दोन्ही जातात. रिप करतानाचा अहवाल आणि क्यू फाइल गाण्यांच्याच फोल्डरमध्ये राहू द्यावी. वर्षातून एकदा सर्व फ्लॅक फाइलींची एमडी५ तपासणी चालवावी. एखादी नापास झाली तर ती दुसऱ्या डिस्कवरून आणून, पुन्हा तपासून, जागी ठेवावी.